मांडीवरचा हात

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या स्टुडिओचे मालक, ठरलेली तारीख कधी हलू देत नाहीत म्हणून ज्यांना आम्ही पाठीमागे ‘तारीखसाहेब’ म्हणतो आणि हे त्यांना चांगलंच ठाऊक आहे. व्यासपीठावरच्या प्रमुख पाहुण्या, आमच्याकडे दरवर्षी नव्या दमाची मुलं पाठवणाऱ्या कलाशाळेच्या प्राचार्या. आमच्या सिनेमाचे दिग्दर्शक. समोर पहिल्या रांगेत बसलेले बाईंचे यजमान आणि त्यांची कन्या. माझे सगळे सहकारी आणि त्यांच्या घरची मंडळी. तिसऱ्या रांगेत बसलेले माझे सासरे. आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत, पण ज्यांना निरोप द्यायची आमच्यापैकी एकाचीही तयारी नाही, त्या आमच्या मुख्य अॅनिमेटर, आमच्या बाई. आपणा सर्वांना माझा नमस्कार.

बाईंची खुर्ची खरं तर इथे वर मांडली होती. ती पाहा, रिकामी आहे. ‘टेबलामागे मला बसवू नका, मी खाली सगळ्यांबरोबर बसते,’ असं त्यांनी आल्या आल्या सांगितलं. तारीखसाहेबांनी आग्रह करून पाहिला. बाईंपुढे त्यांचं कधी चाललंय, म्हणून आज चालणार होतं?

निवेदकांनी माझी ओळख ‘रिगिंग विभागाचे प्रमुख’ अशी करून दिली, तेव्हा निम्म्या सभागृहाच्या चेहऱ्यावर काहीही उमटलं नाही. ते साहजिकच आहे. सिनेमातली बाहुली कॉम्प्युटरमध्ये घडते, तेव्हा ती आधी नुसती पोकळ असते. नाक, डोळे, केस सगळं जिथल्या तिथे, पण हलवायला गेलात तर हलत नाही. तिच्या आत हाडं बसवायची, कोपर कुठे वाकेल, गाल कुठून ओढला जाईल हे ठरवायचं, म्हणजे रिगिंग. मी हे काम घेऊन या स्टुडिओत आलो, त्या दिवशी बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही आमचे हाडवैद्य!” तेव्हापासून माझं खरं नाव पगार करणाऱ्या बाबूंखेरीज कोणाला आठवत नाही. माझी बायकोसुद्धा रागावली की मला हाडवैद्य म्हणते.

तर या हाडवैद्याला आज एक गोष्ट सांगायची आहे. इथल्या मोजक्या लोकांना ती माहीत आहे, आणि कालपर्यंत ती सांगायला आम्हाला सक्त मनाई होती. काल चहाच्या वेळी बाई माझ्या टेबलाशी आल्या. म्हणाल्या, “उद्या भाषणात सांगून टाका. पण रडवेला चेहरा करून सांगाल, तर मी उठून माईक काढून घेईन.” तेव्हा मी चेहरा सांभाळतो. मंडळी, तुम्हीही सांभाळा.

पण त्याआधी माझ्या सासऱ्यांचं एक जुनं देणं आहे. तसलं देणं नव्हे हो, घाबरू नका! एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंय. लग्न ठरलं तेव्हा त्यांनी मला विचारलं होतं, “सगळं कॉम्प्युटरच करतो ना? मग तुम्ही दिवसभर करता काय?” मी तेव्हा गप्प बसलो, कारण मुलगी हवी होती. आज बोलतो.

बाबा, एक चेंडू घ्या. कॉम्प्युटरला सांगा की चेंडू इथे वर आहे आणि नंतर इथे खाली आहे. मधली चित्रं तो भरून देतो, हे अगदी खरं. सेकंदाला चोवीस चित्रं, न कुरकुरता, चहा न मागता. पण कशी भरतो? वरून खाली सगळीकडे एकाच वेगाने. चेंडू लिफ्टमध्ये बसून खाली आल्यासारखा येतो. खरा चेंडू तसा पडतो का? तो वर गेल्यावर क्षणभर रेंगाळतो, मग वेग घेतो, जमिनीवर किंचित चपटा होतो आणि पुन्हा उसळतो. कुठे रेंगाळायचं आणि कुठे घाई करायची, हे कॉम्प्युटरला कळत नाही. ते कोणीतरी सांगावं लागतं. पडद्यावर प्रत्येक सांध्याची एक रेघ असते, चढणारी, उतरणारी. ती रेघ कुठे ताणायची आणि कुठे सैल सोडायची, यात अॅनिमेटरचा दिवस जातो. चेंडूला एक रेघ पुरते. माणसाच्या नुसत्या पंजाला किती लागतात ते सांगितलं, तर तुम्ही मुलीला परत घेऊन जाल.

आणि हे सांगणाऱ्याला ते कुठून कळणार? इथे बाईंचा नियम येतो. ‘आधी अंगाने, मग माउसने.’ सिनेमातल्या माणसाला पोतं उचलायचं असेल, तर अॅनिमेटरने आधी पोतं उचलायचं. खोटं खोटं चालणार नाही, भरलेलंच. आमच्या दाराशी एक मोठी पेटी आहे. तिच्यात वाळूची पोती आहेत, बादल्या आहेत, दगड आहेत, जुनी छत्री आहे. पार्सल द्यायला येणारे गृहस्थ एकदा दुपारी आत आले, तेव्हा पाच मोठी माणसं व्हरांड्यात पोटावर सरपटत होती. मगर करायची होती, दुसरं काय! त्यातले एक आमचे दिग्दर्शक होते. गृहस्थांनी पार्सल दारातच ठेवलं, सही न घेता निघून गेले, आणि पुढे कितीतरी दिवस आमची पार्सलं शेजारच्या दवाखान्यात पोचत होती.

मी स्वतः हाडं बसवणारा माणूस, मला हे सोंग करायचं कारण नव्हतं. पण बाई म्हणाल्या, “ज्या खांद्याने कधी ओझं उचललं नाही, त्याला दुसऱ्याचा खांदा काय कळणार?” मी पोतं उचललं. कंबर धरली. त्यानंतर मी बसवलेली कंबर आधीच्यापेक्षा बरी झाली, हे मला भर सभेत कबूल करावं लागतंय.

आता मूळ गोष्टीकडे येतो. तुम्ही सगळ्यांनी आमचा नवा सिनेमा गेल्या आठवड्यात इथेच पाहिलात. त्यातली ती म्हातारी शिवणकाम करणारी आजी तुम्हाला आठवत असेल. वादळात गावाच्या गलबताचं भलंमोठं शीड फाटतं आणि ते शिवायला कोणी उरत नाही, म्हणून हिला बोलावतात. ती खिडकीशी बसते आणि सुईत दोरा ओवते. सिनेमाचा सगळा भार त्या एका शॉटवर आहे. तिला दोरा ओवता आला तर पुढचं सगळं घडणार. तो शॉट बाई स्वतः करणार, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. ‘माझा इथला शेवटचा शॉट,’ असं त्या म्हणत होत्या. निवृत्तीचं वय झालंच होतं.

तेव्हा शॉट असा आखला होता: आजी सुई उचलते, दोरा ओवते आणि मग समाधानाने हात मांडीवर ठेवते. बाईंनी नियमाप्रमाणे आधी अंगाने करायला घेतलं. आमच्याकडे हातमोजे आहेत, त्यांच्या प्रत्येक बोटावर बारीक सेन्सर बसवलेले. ते घालून हात हलवला की सांध्यांच्या रेघा पडद्यावर उमटतात. बाई खिडकीशी बसल्या, खरी सुई, खरा दोरा. ओवला, हात मांडीवर ठेवला. झालं.

या रेघा आल्या की त्यांची सफाई करावी लागते. सेन्सर कधी उगाच थरथरतो, कधी तार हलते, त्याचा कचरा रेघेत येतो. हे काम आमच्या सफाई विभागातल्या ताई करतात. दोन मुलांची शाळा सांभाळून त्या हे काम करतात आणि त्यांच्या नजरेतून काडीइतकाही कचरा सुटत नाही. त्यांना दिसलं की शॉटच्या शेवटी, उजव्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या रेघेत बारीक करवतीचे दात आहेत. त्यांनी ते साफ केले. बाईंनी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा दात. ताई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “हाडवैद्य, तुमचा मोजा बिघडलाय.”

माझा मोजा? मी पेटलोच. मी मोजा बदलला. मग तार बदलली. मग खिडकीजवळचा पंखा बंद केला, मग एसी बंद केला आणि सगळ्या विभागाच्या शिव्या खाल्ल्या. रेघेतले दात काही जाईनात. शेवटी मोजे बनवणाऱ्या कंपनीचा तंत्रज्ञ बोलावला. त्याने यंत्र उघडलं, बंद केलं, मान हलवली, मोजा स्वतःच्या हातात घातला आणि हात मांडीवर ठेवला. रेघ सरळ. मी घातला. सरळ. तारीखसाहेब कशाचा गोंधळ चाललाय ते बघायला आले होते, त्यांनाही घालायला लावला. सरळ. मग बाई आपल्या नेहमीच्या धांदलीत आल्या, मोजा चढवला आणि हात मांडीवर ठेवला.

पडद्यावर करवत चालू झाली.

मंडळी, त्या खोलीत सगळे रेघा वाचणारे लोक होते. आमच्यापैकी कोणाला काही समजावून सांगायची गरज नव्हती. तो बिचारा तंत्रज्ञ तेवढा ‘हा मोजा मी बदलून देतो’ म्हणत राहिला. बाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं. म्हणाल्या, “यंत्राला कशाला बोल लावता? ही रेघ माझी आहे.”

इतके दिवस कोणाला दिसलं कसं नाही? आम्ही रोज त्यांच्या शेजारी बसणारे, घरी यजमान, लेक. नंतर बाईंनीच उत्तर दिलं. “अहो, माझा हात मांडीवर असतो कधी?” खरंच होतं ते. त्यांच्या हातात सदा पेन, नाहीतर माउस, नाहीतर चहाचा कप, नाहीतर कोणाचा तरी कान. तो हात शांत बसलेला आम्ही कोणी पाहिलेलाच नव्हता. आजीच्या त्या शॉटने त्याला पहिल्यांदा मांडीवर बसवलं.

डॉक्टरांनी त्या दुखण्याचं नाव सांगितलं. ते इथे घ्यायचं नाही, ‘त्याला एवढा मान कशाला द्यायचा’ असं बाईंनी बजावलंय. डॉक्टर असंही म्हणाले की खूप लवकर कळलं ते बरं झालं. औषध आहे, व्यायाम आहेत, आणि बाईंच्या लेकीने ते व्यायाम करून घेण्याचा असा काही धडाका लावलाय, की बाई मला म्हणाल्या, ‘दुखणं परवडलं!’

आज हे हसत सांगतो आहे, पण त्या दिवसांत आमच्या तोंडचं पाणी पळालं होतं. बाई दवाखान्यातून परतल्या त्या वेगळ्याच होऊन. उजवा हात कायम पर्सखाली. मीटिंगमध्ये टेबलाखाली. सिनेमाच्या चमूचा फोटो काढला, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी तो असेल, त्यात बाई मधोमध आहेत आणि त्यांचा उजवा हात पाठीमागे आहे. आणि मग एका सकाळी त्यांनी दिग्दर्शकांना सांगितलं, “आजीचा शॉट दुसऱ्या कोणाला द्या. माझ्या हातून आता तो व्हायचा नाही.” ज्या बाईंनी आम्हाला मगर व्हायला लावलं, त्या असं म्हणाल्या. मला रडू आलं होतं. बाई, माफ करा, पण आलं होतं.

दिग्दर्शक काही बोलायच्या आत सफाईच्या ताई पुढे झाल्या. त्या एरवी फार बोलत नाहीत. म्हणाल्या, “बाई, शॉट कोणालाही द्या, पण त्याआधी एकदा माझ्या टेबलाशी या. मला एक कळत नाहीये.”

मीही मागोमाग गेलो. ताईंनी न साफ केलेल्या सगळ्या रेघा एकाखाली एक मांडल्या होत्या. त्यांनी बोट ठेवलं. “हे बघा, इथे हात मांडीवर आहे, इथे थरथर आहे. पण इथे तुम्ही सुई उचलता. आणि इथून, दोरा आत जाईपर्यंत, एकही दात नाही. प्रत्येक वेळी असंच आहे. मला वाटत होतं कचरा कधीही येतो. हा तर फक्त तुम्ही स्वस्थ बसलात की येतो.”

बाई खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी त्या रेघा पुढे नेल्या, मागे आणल्या, पुन्हा पुढे नेल्या. मग हळूच विचारलं, “म्हणजे काम करताना माझा हात स्थिर आहे?”

“तुमचीच रेघ आहे, बाई,” ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना गाठलं. डॉक्टर म्हणाले, हो, यात बऱ्याचदा असं असतं, आणि तुमचं तर सुरुवातीचं आहे. पुढचं पुढे पाहू, काम मात्र सोडू नका. बाई तडक स्टुडिओत आल्या आणि माझ्याकडून पहिली गोष्ट मागून घेतली. आजीच्या पंजाला अजून दोन बारीक हाडांची सोय. “थरथर बसवायची आहे,” म्हणाल्या.

इथे आमचे दिग्दर्शक आडवे आले. त्यांचंही चूक नव्हतं. प्रसन्न शेवट आहे, आजीने दोरा ओवलाय, आणि मग तिचा हात मांडीवर थरथरतो. बघणाऱ्याचा जीव कासावीस होणार. मुलं विचारणार, आजी आजारी आहे का? बाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, “शेवटी कोण ठेवतंय? मी शॉट उलटा करते.”

तुम्ही पडद्यावर जे पाहिलंत ते हेच. आजी येऊन बसते. तिचा हात आधी मांडीवर आहे आणि तो थरथरतोय. भोवती जमलेले लोक एकमेकांकडे बघतात, की ही काय शिवणार? आणि मग ती सुई उचलते. हात थांबतो. दोरा आत जातो.

ती थरथर मोज्यातून घेतलेली नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय. आयती रेघ हजर होती, ती चिकटवली असती तर दुपारच्या आत काम संपलं असतं. बाई म्हणाल्या, ती माझी आहे, आजीची तिची तिला मिळायला हवी. त्या आरशासमोर बसल्या, स्वतःचा हात मांडीवर ठेवला आणि तो बघत राहिल्या. जसं त्यांनी आजवर घोड्याचं पाऊल बघितलं, पोतं उचलणाऱ्याचा खांदा बघितला, तसाच. अंगठा आधी की बोट आधी, कुठे ओढ आहे, कुठे ढील आहे. मग एकेक चित्र करून त्यांनी ती थरथर आजीच्या हातात बसवली. आणि ज्या हाताने बसवली, तो त्या वेळी माझ्या हातापेक्षा स्थिर होता. मी शेजारी उभा होतो, म्हणून छातीठोकपणे सांगतो.

पूर्वीचा शॉट आणि हा, दोन्ही तारीखसाहेबांना दाखवले. नवा घ्यायचा तर उजेड, सावल्या, खिडकीतला प्रकाश सगळं नव्याने करून मशीनमधून काढायला हवं होतं आणि प्रदर्शनाची तारीख तर तोंडावर आलेली. साहेबांनी दोन्ही पाहिले. दुसरा पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाले, “पहिल्यातली म्हातारी छान आहे. दुसऱ्यातली कोणाची तरी आहे.” आणि त्यांनी तारीख पुढे ढकलली. टाळ्या वाजवून घ्या, हा प्रसंग पुन्हा येणार नाही.

बाई आज इथून जाताहेत, पण घरी बसायला नव्हे. प्राचार्याबाईंनी त्यांना आमच्या डोळ्यांदेखत पळवलंय. पुढच्या सत्रापासून कलाशाळेत त्यांचा वर्ग सुरू होतोय, आणि मला आतल्या गोटातून कळलंय की त्यात कॉम्प्युटरला बराच काळ हात लावू देणार नाहीत. बाईंनी आमची दाराशी असलेली पेटी मागितली आहे. आम्ही ती द्यायला तयार आहोत. विद्यार्थ्यांच्या पालकांनी मुलं कंबर धरून घरी आली तर घाबरू नये. आणि आमच्या आजीचा पंजा, त्या दोन बारीक हाडांसकट, मी त्या वर्गाला भेट देतो आहे. माझ्याकडे देण्यासारखं तेवढंच आहे. हाडवैद्य आणखी काय देणार?

अध्यक्ष महोदय, मला दिलेली वेळ संपली आहे, हे तुम्ही घड्याळाकडे तिसऱ्यांदा बघितलंत तेव्हाच माझ्या लक्षात आलं. आपण मला बोलू दिलंत, दिग्दर्शकांनी आणि सफाईच्या ताईंनी स्वतःबद्दल बोलू दिलं, बाईंच्या घरच्यांनी त्यांच्या घरातली गोष्ट आमच्या हवाली केली, आणि सभागृहाने एका हाडवैद्याचं एवढं पुराण ऐकून घेतलं, याबद्दल मी सर्वांचा ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, कुठे सांधा नीट बसला नसेल, तर घरचा माणूस म्हणून पदरात घ्यावं.

फक्त एक सांगून खाली बसतो. मघापासून मला कळत नव्हतं की बाईंनी वरची खुर्ची का नाकारली. या टेबलावर जमिनीपर्यंत कापड आहे. त्याच्यामागे बसल्या असत्या, तर कोणाला काहीच दिसलं नसतं. आता इथून मला त्या समोर दिसताहेत. पर्स लेकीकडे दिली आहे. उजवा हात मांडीवर उघडा ठेवला आहे, सगळ्यांच्या देखत, आणि तो त्याच्या मनासारखा थरथरतो आहे.

बाई, या आता. तुमची बोलायची वेळ झाली. माईक उजव्या हातात घ्या.